सांगितलेलं पोचलं का?

आपण काय सांगितलं हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. समोरच्याने काय ऐकलं हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. संवादातले बहुतेक घोटाळे या फटीतून शिरतात. १९९० साली एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने स्टॅनफर्ड विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. एकाने सर्वांच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटाने टेबलावर वाजवायचा आणि दुसऱ्याने ते गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. ओळखली गेली १२० पैकी फक्त ३! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं. ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक येते.

रोजच्या गप्पांत ही फट फारशी नडत नाही. ‘काय?’, ‘कुठला रमेश?’, ‘म्हणजे मंगळवारी ना?’ असं विचारत माणसं ती जाता जाता बुजवतात. विचारायला वेळ नसला, धीर होत नसला किंवा विचारायची गरजच वाटली नाही, की मात्र पंचाईत होते. या साऱ्याचा मेळ बसला तर काय होतं, ते २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेच्या लोस रोदेओस विमानतळावर दिसलं.

शेजारच्या ग्रान कॅनेरिया बेटावरच्या विमानतळात बॉम्बस्फोट झाल्यामुळे त्या दिवशी बरीच विमानं या लहानशा विमानतळाकडे वळवली होती. दाट धुकं होतं. डच केएलएमचं जंबो विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं होतं आणि पॅन अ‍ॅमचं जंबो त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत होतं. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी दिलेली नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं मोघम इंग्रजी वाक्य जोडलं. विमान उड्डाणासाठी सज्ज उभं आहे, असं नियंत्रकाला वाटलं. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. नियंत्रकाने आधी ‘ओके’ म्हटलं, मग थांबायला सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांनीही आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं कळवलं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे बोलल्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये मुख्यतः कर्कश शिट्टी ऐकू आली. ‘पॅन अ‍ॅमचं विमान बाजूला झालं नाही का?’ अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली. कॅप्टनने ती ठामपणे झटकली. कॅप्टन कंपनीतले ज्येष्ठ, नावाजलेले. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. टकरीत ५८३ जण दगावले.

नंतर बदललेले नियम दिसायला किरकोळ आहेत. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ चालत नाही. सूचना जशीच्या तशी परत म्हणावी लागते. ती परत म्हणताना ऐकणं आणि चुकल्यास तिथल्या तिथे दुरुस्त करणं ही नियंत्रकाची जबाबदारी. या दुसऱ्या अर्ध्या भागाचाच अनेकांना विसर पडतो. ‘ओके’मधून आवाज पोचल्याचं कळतं, अर्थ पोचल्याचं नाही.

वरिष्ठाला टोकायचं कसं, हे शब्द बदलण्यापेक्षा अवघड होतं. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेनंतर विमान कंपन्यांनी त्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. कनिष्ठाने शंका सूचक भाषेत न मांडता स्पष्ट सांगायची आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यायची. तरीही २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आविआंका कंपनीचं विमान इंधन संपून कोसळलं आणि ७३ जणांचा जीव गेला. इंधन संपत आल्याचं आणि प्राधान्य हवं असल्याचं वैमानिकांनी कळवलं होतं. ‘इमर्जन्सी’ हा शब्द मात्र त्यांनी उच्चारला नाही. भिडस्तपणाने बोलणाऱ्याचं म्हणणं सौम्य होतं, आणि घाईतला माणूस ते तितक्याच सौम्यपणे घेतो.

भारतीय रेल्वेत ही खातरजमा जुन्या शिस्तीतच मुरलेली आहे. सिग्नल दिसला की लोको पायलट आणि त्याचा सहायक दोघेही त्याचा रंग मोठ्याने उच्चारतात. फाटक बंद झाल्याचं गेटमन फोनवरून कळवतो, तेव्हा अनेक ठिकाणी त्याला छापील तक्त्यातला ‘प्रायव्हेट नंबर’ही सांगावा लागतो. स्टेशन मास्तर तो नोंदवून घेतात. अंदाजाने सांगता येणार नाही असा तो आकडा असल्यामुळे ‘मला वाटलं बंद झालं असेल’ याला जागाच उरत नाही.

दवाखान्यात इतका काटेकोरपणा क्वचितच दिसतो. ‘कळलं ना?’ या प्रश्नाला रुग्ण हमखास ‘हो’ म्हणतो. बाहेर रांग असते आणि नाही म्हणायला संकोच वाटतो. म्हणून डॉक्टर-परिचारिकांना प्रश्नच बदलायला शिकवतात: ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघू या. घरी गेल्यावर कुठली गोळी कधी घ्याल?’ रुग्ण अडखळला, तर पुन्हा वेगळ्या शब्दांत समजावून सांगायचं आणि पुन्हा विचारायचं.