भाजीच्या वाफ्यांतील परोपजीवी तणें

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल गाडी देहूरोड मागें टाकून बेगडेवाडीस थांबते, तेथें मावळाचा उंबरठा लागतो. घोरावडेश्वराच्या डोंगराभोंवतालच्या या पट्ट्यांत भाताचीं खाचरें, भाजीचे मळे आणि शहरांतून येऊन वसलेल्या कुटुंबांचीं घरें एकमेकांच्या शेजारींच आढळतात. घरापुढें हातभर मोकळी जागा सांपडली कीं तींत चार वांगीं, चार टोमॅटो लावावे, ही हौस अशा घरांतून स्वाभाविकच असते. रोपें जोमानें वाढतात, खत-पाणी वेळेवर होतें, आणि मग एके दिवशीं भर दुपारीं वांग्याचें झाड मान टाकतें. पाणी घातलें तरी तें सावरत नाहीं. पुढें त्याच्या बुंध्याजवळ जमीन फोडून फिकट रंगाचा, बोटासारखा, हिरवें पान मुळींच नसलेला एक कोंब वर येतो आणि त्यास जांभळट फुलें लागतात. घरचीं माणसें तीं कौतुकानें पाहतात. कौतुकाचे हे आठ-पंधरा दिवस पुढील दहा-पंधरा वर्षांस फार महाग पडतात.

या पाहुण्याचें नांव बंबाखू. निपाणीकडील तंबाखूच्या मुलुखांत हें नांव शेतकऱ्यांच्या तोंडीं आहे. तंबाखू, वांगें, टोमॅटो व बटाटा हीं एकाच कुळांतील पिकें असल्यामुळें त्यांच्या मुळांवर बंबाखूचा संसार चालतो. त्याचेंच एक भावंड राजस्थान व हरियाणा या प्रांतांत मोहरीच्या पिकास ग्रासतें.

हरळी आणि लव्हाळा यांनाहि माळी शत्रूच मानतो. परंतु तीं तणें निदान स्वतःच्या हिरव्या पानांनीं स्वतःचें अन्न शिजवितात. शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी पळविणें निराळें आणि त्याच्या ताटांत हात घालणें निराळें. आंब्यावरील बांडगूळ पाणी व क्षार तेवढे झाडाचे घेतें, अन्न बहुतांशीं स्वतःच तयार करतें. अमरवेल आणि बंबाखू यांनीं तोहि उद्योग जवळजवळ सोडून दिला आहे.

यांपैकीं अमरवेल ओळखण्यास सोपी. कुंपणावर पिवळ्या-नारिंगी दोऱ्यांचा गुंता पडावा तशी ती दिसते. तिचें बीं मातींत आपलें आपण रुजतें. पण त्या कोंवळ्या तंतूजवळची शिदोरी थोड्याच दिवसांची असते, आणि तेवढ्या अवधींत आश्रय मिळाला नाहीं तर तो मरतो. २००६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, हा तंतु टोमॅटोच्या गंधाच्या रोखानें वाढतो. झाड सांपडलें कीं तो त्यास विळखा घालतो, खोडांत आपलीं शोषक मुळें शिरवितो आणि मग जमिनीशीं असलेलें नातें तोडून टाकतो. म्हणून जमीन खणून तिचा नाश होत नाहीं. आणि ओढून काढतांना जो तुकडा रोपावर राहील त्यांतून ती पुन्हां फुटते. ग्रासलेली फांदी, किंवा प्रसंगीं सबंध रोप, फुलें येण्यापूर्वीं कापून जाळणें हाच खरा उपाय. लसूणघास व कारळे यांच्या बियाण्यांत तिचें बीं मिसळून येतें. यास्तव बियाणें चाळून घेणें अगत्याचें आहे.

बंबाखूची गोष्ट याहून खोल आहे. त्याचें बीं धुळीच्या कणाएवढें, मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतें. एका झाडास तीं हजारोंनीं, कित्येकदां लाखाच्या घरांत धरतात, आणि मातींत दहा-वीस वर्षें जिवंत राहूं शकतात. नुसत्या पाण्यानें तीं रुजत नाहींत. यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणारें विशिष्ट द्रव्य पोंचलें तरच तीं जागीं होतात. अशा प्रकारचें द्रव्य १९६६ सालीं कापसाच्या मुळांतून प्रथम वेगळें करण्यांत आलें. परंतु वनस्पतीनें स्वतःच्या वैऱ्यास हांक कां मारावी, हें कोडें पुढें जवळजवळ चाळीस वर्षें सुटलें नाहीं. २००५ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें कीं, ही हांक वैऱ्यास नसून मित्रास असते. मुळांशीं राहून जमिनींतील स्फुरद आणून देणाऱ्या उपकारक बुरशीस पीक बोलावीत असतें. चोर ती हांक चोरून ऐकतो. जमिनींत स्फुरद कमी पडला कीं ही हांक वाढते. म्हणून उपाशी जमिनींत या चोराचें अधिक फावतें, आणि वाफ्यास योग्य खत देणें हाहि बचावाचाच एक भाग ठरतो.

जागें झालेलें बीं मुळास चिकटतें, आंत शिरतें आणि कित्येक आठवडे जमिनीखालींच पोसत राहतें. कोंब वर दिसतो तेव्हां त्या हंगामाचें बरेंचसें नुकसान होऊन चुकलेलें असतें. मग उपटून लाभ काय, असा प्रश्न सहजच पडेल. लाभ या वर्षाच्या वांग्यांचा नसून पुढच्या वर्षांच्या मातीचा आहे. कोंब फुलण्यापूर्वींच मुळाशीं धरून काढावा. आणि तो खताच्या खड्ड्यांत न टाकतां जाळावा. फूल येऊन गेलें असेल तर झाडावर पिशवी चढवून मगच तें उपटावें, म्हणजे बीं सांडत नाहीं. कोंवळ्या कोंबाच्या शेंड्यावर तेलाचे दोन थेंब सोडून तो मारण्याची युक्तिहि तंबाखूच्या शेतांत उपयोगी पडली आहे. तणनाशकाचा मार्ग घरगुती वाफ्यास सोयीचा नव्हे. चोर आणि यजमान यांचे देह एकमेकांस जोडलेले असल्यामुळें एकाचें विष दुसऱ्यास सहज बाधतें.

हें बीं घरीं येतें तें रोपांच्या मुळांशीं लागलेल्या मातींतून, अवजारांतून आणि कच्च्या शेणखतांतून. कारण गुरांच्या पोटांतून गेलें तरी तें मरत नाहीं. वाफा एकदां दूषित झालाच, तर तेथें कांहीं वर्षें वांगें-टोमॅटो लावूं नये. तीळ, मूग, उडीद, ज्वारी यांसारखीं सापळा-पिकें बियांस जागें करूं शकतात, पण आसरा देत नाहींत. जागें झालेलें बीं अन्नावांचून मरतें. उन्हाळ्यांत जमीन भिजवून तीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरला तर वरच्या थरांतील पुष्कळसें बीं उष्णतेनें मरतें. इस्राएलमधील शास्त्रज्ञांनीं १९७६ च्या सुमारास पुढें आणलेल्या या रीतीस एप्रिल-मे महिन्यांतील मावळचें ऊन अनुकूलच आहे.

मावळास आणखी एक नैसर्गिक कवच लाभलें आहे, तें म्हणजे भात. पावसाळाभर पाणी साचून राहणाऱ्या खाचरांत बंबाखूचें बीं टिकाव धरीत नाहीं, आणि भाताच्या मुळांवर त्याचें पोटहि भरत नाहीं. भातानंतर भाजी घेण्याची जुनी वहिवाट या दृष्टीनें शहाणपणाची होय. उलट, वर्षानुवर्षें एकाच ठिकाणीं वांगें लावणारा अंगणांतील वाफा अधिक धोक्यांत असतो.

तथापि रोप सुकलें म्हणजे बंबाखूच, असें मात्र नव्हे. संशय आल्यास एक रोप मातीसकट अलगद उपटून मुळें धुवून पाहावीं. मुळांवरच गांठी सुजल्या असतील तर तो सूत्रकृमींचा उपद्रव समजावा. तेथें झेंडूचें पीक घेतल्यानें आराम पडतो. मुळास बाहेरून पांढरट-पिवळसर गड्डा चिकटलेला असेल, तर चोर सांपडला.

शेतकऱ्याचा पिढीजात मळा असो वा नव्या घराचें अंगण असो, दोहोंची दौलत मातीच आहे, आणि ती एका झाडाच्या बियांनीं बिघडूं शकते. यास्तव वाफ्यांत फिरतांना खुरपें हातीं असावें. आणि अनोळखी फुलाचें कौतुक करण्यापूर्वीं त्यास हिरवें पान आहे कीं नाहीं, एवढें अवश्य पाहावें.