मदुराईहून सुटलेली बस

सकाळच्या वेळी गावातल्या कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. दुधाचे कॅन अडकवलेली, भाजीचे पोते पुढे ठेवलेली किंवा शाळेची दोन मुले बसवलेली एखादी टीव्हीएसची मोपेड समोरून जाणारच. दूधवाला असो, फेरीवाला असो की शिक्षक, ही तीन अक्षरे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. पण ती एका माणसाच्या नावाची आद्याक्षरे आहेत, आणि त्या माणसाच्या हयातीत त्याच्या कंपनीने एकही मोपेड बनवली नव्हती, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांचे नाव तिरुक्कुरुंगुडी वेंगाराम सुंदरम अय्यंगार. त्यांनी चालवली ती बस.

तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या तिरुक्कुरुंगुडी गावी 1877 मध्ये त्यांचा जन्म झाला. मुलाने वकील व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलाने थोडे दिवस वकिली केलीही. पुढे रेल्वेत नोकरी धरली, मग बँकेत. त्या काळातल्या मध्यमवर्गीय घराला हेवा वाटावा अशा या जागा होत्या. त्या सोडून 1911 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 1912 मध्ये मदुराईत बस सुरू केली. तेव्हा वयाची पस्तिशी आली होती. मद्रास इलाख्यातल्या ग्रामीण भागाला बसची ओळख करून देणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घेतले जाते.

त्या काळी मोटार म्हणजे साहेबाची नाहीतर जमीनदाराची चैन. सामान्य माणूस रेल्वेने स्टेशनापर्यंत येई आणि पुढचे दहा-वीस मैल बैलगाडीने किंवा पायी तुडवी. आजारी बाईला दवाखान्यात न्यायचे असो, कोर्टाची तारीख असो की बाजाराचा दिवस, सगळे अंतर बैलाच्या चालीने मोजायचे. बसने ते अंतर तिकिटाच्या पैशांत आणून ठेवले.  

वेळ म्हणजे शब्द

आपल्याकडे एसटी येण्याआधी खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. पॅसेंजर भरल्याशिवाय गाडी हलायची नाही, हा त्यांचा सर्वसाधारण रिवाज. सकाळी नऊची गाडी अकराला सुटली तरी कुणी तक्रार करत नसे, कारण तक्रार ऐकणारे कुणी नसे. मालकाच्या बाजूने पाहिले तर यात हिशेब होताच. रिकामी गाडी पळवली तर तेलाचे पैसे अंगावर पडतात.

अय्यंगारांच्या बसची ख्याती नेमकी याच्या उलट होती. ठरलेल्या वेळी गाडी सुटणार आणि ठरलेल्या वेळी पोहोचणार. टीव्हीएसची बस आली की लोक आपले घड्याळ लावून घेत, असे मदुराईच्या बाजूला आजही सांगतात. दुसरी आठवण खिळ्यांची. रस्त्यावर बैलगाड्यांची वर्दळ. बैलांच्या पायांना मारलेल्या पत्र्यांचे खिळे वाटेत गळून पडत आणि बसच्या चाकात घुसत. पंक्चर झाले की वेळ चुकली. म्हणून कंपनीने लोहचुंबक लावलेली गाडी रस्त्यावरून फिरवली आणि खिळे वेचून घेतले, असे सांगतात. अशा गोष्टी सांगता-सांगता थोड्या वाढतातही. पण लोकांना नफ्याचा आकडा आठवत नाही, वेळेवर आलेली गाडी आठवते, यातच बरेच काही आले.

वेळ पाळायची तर गाडी मध्येच बंद पडून चालत नाही. म्हणून चांगला वर्कशॉप हवा, सुटे भाग हाताशी हवेत, टायर झिजले तर त्यांवर नवे रबर चढवायची सोय हवी. एकेक गरज भागवताना एकेक धंदा उभा राहिला. सदर्न रोडवेज या नावाने बस आणि लॉऱ्या धावत. जोडीला टायर रिट्रेडिंगचा कारखाना आला, मद्रास ऑटो सर्व्हिस आली, सुंदरम मोटर्स आली. 1950 च्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्यांचे मोठे वितरक म्हणून सुंदरम मोटर्सचा लौकिक होता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली. गाड्या उभ्या ठेवण्याऐवजी अय्यंगारांनी ‘टीव्हीएस गॅस प्लांट’ तयार करून घेतला. टाकीत लोणारी कोळसा कमी हवेत जाळायचा आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालवायचे, ही त्यातली युक्ती. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीलाही कोळशावरच्या मोटारी आठवतात. चढ आला की इंजिन दमायचे, पण गाडी जायची.

घरातली एक कसोटी

कुटुंबाचा धंदा म्हटला की कुटुंबाबद्दलही बोलावे लागते. अय्यंगारांची मुलगी सौंदरम. लहान वयात लग्न झाले. नवरा डॉक्टर होता. प्लेगमध्ये तो गेला. त्या काळी विधवेच्या वाट्याला घराचा कोपरा येई. सौंदरम मात्र दिल्लीला लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शिकून 1936 मध्ये डॉक्टर झाल्या. तेथूनच त्या गांधीजींच्या परिवारात आल्या. 1940 मध्ये केरळचे गांधीवादी कार्यकर्ते जी. रामचंद्रन यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. विधवेचे दुसरे लग्न आणि तेही जातीबाहेर. घरच्यांचा आधी विरोध होता. गांधीजींनी आशीर्वाद दिला. 1947 मध्ये या जोडप्याने दिंडिगुलजवळ गांधीग्राम उभे केले आणि पुढे डॉ. सौंदरम केंद्रात शिक्षण खात्याच्या उपमंत्री झाल्या. अय्यंगारांच्या बसने अनेकांना गावाबाहेर नेले. त्यांची मुलगी त्याहून अवघड वेस ओलांडून गेली.

गाड्या गेल्या तेव्हा

1955 मध्ये सुंदरम अय्यंगार वारले. धंदा मुलांनी सांभाळला. आणि 1972 मध्ये तो दिवस आला, ज्याची खासगी बसमालकांना धास्ती होती. तमिळनाडू सरकारने मोठ्या बसकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. मदुराईच्या गाड्या नव्या पांडियन रोडवेज कॉर्पोरेशनकडे गेल्या. साठ वर्षे जी बस घराण्याची ओळख होती, ती त्या घराची राहिली नाही.

महाराष्ट्राने हे वळण आधीच घेतले होते. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि सर्व्हिस मोटारींचा जमाना मावळत गेला. हे चूक होते का? ज्या वाडीत चार उतारू मिळतात, तिथे खासगी मालक गाडी नेत नाही, एसटी नेते. मुलींचे शिक्षण तालुक्याच्या शाळेपर्यंत पोहोचले, त्यात पासवर चालणाऱ्या लाल गाडीचा वाटा मोठा आहे. पण चांगल्या मालकाला स्वतःच्या नावाची जी चाड असते, ती सरकारी खात्यात सहज रुजत नाही, हेही खरे. गाडीवर नाव आपले आणि आत बसलेला माणूस आपल्याच गावचा, म्हटल्यावर चुकीची लाज घरापर्यंत येते.

गाड्या गेल्या, तरी घर बुडाले नाही. कारण साठ वर्षांत त्यांनी बसबरोबर बसचा एकेक भाग ओळखला होता. ट्रक आणि बस घेणाऱ्यांना कर्ज देणारी सुंदरम फायनान्स 1954 मध्येच सुरू झाली होती. चाके, ब्रेक, विजेचे भाग बनवणारे कारखाने साठच्या दशकात उभे राहिले होते. 1980 मध्ये होसूरच्या कारखान्यातून दोन माणसांना वाहणारी टीव्हीएस 50 मोपेड बाहेर पडली. अलीकडे, चौथ्या पिढीपर्यंत पसरलेल्या कुटुंबाने आपापसांत बोलून मालकीची वाटणी केली. भाऊबंदकीत कित्येक भरली घरे मोडलेली आपण पाहतो. त्या पार्श्वभूमीवर हा समजूतदारपणाही वारशातच मोजायला हवा.

मदुराईच्या रस्त्यावर आज अय्यंगारांची बस धावत नाही. एका शहराने वर्षानुवर्षे तिच्यावर घड्याळ लावले, एवढी एक आठवण मात्र उरली आहे. आपल्या गावात कुणी दुकान मांडते, रिक्षा घेते, क्लास काढते. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी भाव विचारते आणि दुसऱ्या दिवशी दिलेली वेळ पाळली का, ते पाहते. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात येते की नाही, हे बहुतेक वेळा त्या दुसऱ्या दिवशीच ठरून गेलेले असते.