परसदारी नेमबाजी

छर्ऱ्याच्या बंदुकीशी आपली ओळख बहुधा जत्रेत होते. फळीवर ओळीनं लावलेले फुगे, चार पावलांचं अंतर आणि मूठभर छर्रे. त्यामुळे हा पोरांचा खेळ आहे, असा समज मनात घट्ट बसतो. अमेरिकेत मात्र हरणाच्या शिकारीच्या रायफली बाळगणारे अनुभवी नेमबाजही घरच्या सरावासाठी एअर रायफल हातात घेताना दिसतात. मोठी रायफल कपाटात राहते आणि रोजचा सराव छर्ऱ्यावर होतो. यामागचं गणित समजून घेतलं, तर नेमबाजी ही मुळात कशाची कला आहे, तेही उलगडतं.

या मोठ्या, म्हणजे सेंटरफायर, रायफलच्या काडतुसाच्या बुडाशी, बरोबर मध्यावर, एक छोटी टोपी असते. तिच्यावर पिन आदळली की आतली दारू पेटते आणि तिच्या वायूच्या दाबानं गोळी सुटते. .३०८ या प्रचलित काडतुसातली साधारण साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेआठशे मीटरच्या आसपास वेगानं निघते. तिची ऊर्जा सुमारे ३५०० ज्यूल असते. ४.५ मिलिमीटर व्यासाचा, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७० मीटर वेगानं सुटला, तर त्याची ऊर्जा होते १८ ज्यूल. म्हणजे जवळजवळ दोनशेपट फरक. चुकलेली .३०८ ची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. छर्रा फार तर तीन-चारशे मीटर जातो. मधे बारीक, मागे घेरदार झग्यासारखा असलेला त्याचा आकार हवेत इतका अडतो की वेग झपाट्यानं उतरतो.

आवाजाचा हिशेबही असाच आहे. सेंटरफायरचा बार नेमबाजाच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. १४० डेसिबलच्या पुढचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो. त्यात गोळी ध्वनीपेक्षा वेगानं जात असल्यानं हवेत वेगळा कडाका उठतो, तो निराळाच. मध्यम शक्तीच्या एअर रायफलचा आवाज त्यामानानं इतका कमी असतो की शेजाऱ्याला बंदुकीपेक्षा लोखंडी निशाणीवर आपटलेल्या छर्ऱ्याची टणटण जास्त ऐकू येते.

खर्चही महत्त्वाचा. सेंटरफायरच्या एका काडतुसाला अमेरिकेत सहज एक डॉलर किंवा त्याहून जास्त पडतो, चांगला छर्रा काही सेंटांत येतो. २०२०-२१ च्या महासाथीत तिथे काडतुसांची मोठी टंचाई झाली, तेव्हा हा फरक अनेकांना फार जवळून कळला. रेंजपर्यंतचा प्रवास, तिथली फी, रांग हे सगळं वगळलं की संध्याकाळची वीस मिनिटंही सरावाला पुरतात. आणि थोडा थोडा रोजचा सराव महिन्यातून एकदा केलेल्या मोठ्या सरावापेक्षा हाताला अधिक शिकवतो.

शक्ती कमी म्हणजे काम सोपं, असं समजून येणाऱ्याला मात्र पहिला धडा लगेच मिळतो. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये नळी मोडून किंवा दांडा ओढून स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि त्या हवेवर छर्रा निघतो. बंदूक आधी मागे सरकते, मग पिस्टन थांबताना पुढे उसळते. हे सगळं छर्रा अजून नळीत असतानाच घडत असतं. सेंटरफायरची गोळी दारू पेटल्यावर साधारण एका मिलिसेकंदात नळीबाहेर पडते. इथे पिस्टन सुटल्यापासून छर्रा बाहेर येईपर्यंत दहाएक मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात हात हलला, डोकं उचललं, पकड घट्ट झाली, की त्याची नोंद कागदावर उमटते. म्हणून अशी रायफल आवळून धरायची नसते. तिला तळहातावर सैल विसावू द्यायचं, प्रत्येक वेळी त्याच जागी, आणि चाप ओढल्यावरही नजर निशाणीवरून हलवायची नाही. मोठ्या रायफलचा धक्का आणि धूमधडाका ज्या चुका झाकून टाकतात, त्या इथे उघड्या पडतात.

दुसरा प्रकार पीसीपीचा. यात टाकीत साधारण २०० बार किंवा त्याहून जास्त दाबाची हवा भरून ठेवतात आणि प्रत्येक वेळी तिचा थोडा भाग सोडला जातो. धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे नेम लवकर जमतो. पण पंप किंवा सिलिंडर लागतो आणि इतक्या दाबाच्या हवेला जपावंही लागतं.

सेंटरफायरकडून येणाऱ्याला तीन सवयी बदलाव्या लागतात. एक, वेगाचा हव्यास सोडायचा. छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ गेला की डगमगतो, म्हणून जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यापेक्षा मध्यम वेग बरा. दोन, जुनी दुर्बीण तशीच चढवायची नाही. बऱ्याच रायफलींच्या दुर्बिणी शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात, दहा मीटरवर त्यांत चित्र धूसर दिसतं. शिवाय स्प्रिंग रायफलच्या दुहेरी धक्क्यानं एरवी दणकट असलेली दुर्बीणही निकामी होऊ शकते. तीन, छर्रा न घालता स्प्रिंग रायफलचा चाप ओढायचा नाही. समोर अडवणारा छर्राच नसेल, तर पिस्टन जोरात आपटतो.

परसदारी सराव करायचा तर आधी स्थानिक नियम बघायचा. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात बंदुकीची व्याख्या स्फोटक दारूवर बेतलेली आहे, त्यामुळे साध्या एअरगन तिच्या बाहेर राहतात. न्यू जर्सीसारखं राज्य मात्र त्यांना बंदूकच मानतं, आणि अनेक शहरांचे स्वतःचे निर्बंध आहेत. त्यानंतर छर्रा थांबवणारा भक्कम अडसर हवा. निशाणी चुकली तरी छर्रा कुंपणापलीकडे जाता कामा नये. कठीण पृष्ठभागावरून छर्रा उलटतो, एअरगनची पोलादी गोळी तर हमखास उलटते. म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच, बघणाऱ्यांच्याही. बहुतेक छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सरावानंतर हात धुवायचे आणि पडलेले छर्रे मातीत राहू द्यायचे नाहीत.

अठरा ज्यूल डोळा फोडायला पुरेसे आहेत आणि पक्ष्याचा जीव घ्यायलाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी आपल्या एअरगन सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम निघाली, ती जंगलातले पक्षी वाचवण्यासाठीच. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो. त्याखालच्या बंदुकीला परवाना नसला, तरी तिनं वन्य पक्षी मारायची मोकळीक कायदा देत नाही. हे शस्त्र आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं आणि ते कुलपातच राहायला हवं.

आता राहतो मूळ प्रश्न: इतक्या कमी शक्तीत खरी नेमबाजी होते का? याचं उत्तर महाराष्ट्राला बाहेर शोधावं लागत नाही. ऑलिम्पिकमध्ये १९८४ पासून दहा मीटर एअर रायफल आहे. तिची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल, आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत सुमा शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. चाळीस छर्रे, आणि प्रत्येकाला पूर्ण दहा गुण. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत याच प्रकारात विश्वविजेता झाला.

दारू अंतर वाढवते. श्वास आवरणं, चाप हळूहळू दाबणं, बार झाल्यावरही स्थिर राहणं, या गोष्टी मात्र माणसालाच कराव्या लागतात आणि त्या दहा मीटरवर पूर्णपणे शिकता येतात. ज्याला खरंच नेम सुधारायचा आहे, त्यानं एक मध्यम शक्तीची रायफल, चांगल्या छर्ऱ्यांचा एक डबा आणि भक्कम अडसर एवढ्यावर सुरुवात करावी. मोठी रायफल पुन्हा खांद्याला लावेल, तेव्हा या सरावाचा फायदा त्याला पहिल्याच गोळीला दिसेल.