ब्रोकोली, कोबी आणि कॅन्सर : फॉरवर्ड काय म्हणतो, शास्त्र काय सांगतं



आज फवारणीचा सल्ला नाही, विषय थोडा वेगळा आहे. मेसेज मोठा आहे, पण सवडीने पूर्ण वाचा.

मागच्या आठवड्यात संकलन केंद्रावर माल उतरवताना आपले एक सभासद काका मला बाजूला घेऊन गेले. मोबाईलवर आलेला एक फॉरवर्ड दाखवला. ब्रोकोलीचा कच्चा रस रोज प्या, कॅन्सर मुळापासून बरा होतो, असं त्यात लिहिलेलं. काकांच्या मेहुणीची केमो सुरू आहे, पुढचा डोस सोमवारी होता. तिला त्रास फार होतो. काका म्हणाले, "साहेब, ब्रोकोली तर आपल्याच रानात आहे. केमो थांबवून हेच द्यावं म्हणतोय. तुम्ही काय म्हणता?"

मी कृषी पदविका केलेला माणूस, डॉक्टर नाही. पण या पिकात काय असतं ते मला माहीत आहे. काकांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

*पिकात हे येतं कुठून?*

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, मोहरी ही सगळी एकाच कुळातली. यांच्या पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. त्यांच्यापासून वेगळं ठेवलेलं मायरोसिनेज नावाचं विकर असतं. अळीने पान कुरतडलं किंवा आपण विळीवर चिरलं की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट द्रव्य तयार होतं. मोहरी वाटल्यावर नाकात जाते ती हीच. झाड हे आपल्यासाठी बनवत नाही, किडींपासून वाचण्यासाठी बनवतं.

चौकोनी ठिपक्यांचा पतंग मात्र यावर मात करून बसलाय. त्याच्या अळीला हे द्रव्य निकामी करता येतं आणि पतंग त्याच वासाने अंडी घालायला येतो. म्हणून तर आपण कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी सापळा पीक म्हणून सांगतो. पहिली ओळ लावणीच्या १५ दिवस आधी, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी.

*संशोधन खरं आहे का?*

हो, खरं आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं. शरीरात शिरलेली घातक रसायनं निकामी करून बाहेर टाकणारी यंत्रणा ते जागी करतं. १९९४ मध्ये त्यांनी उंदरांना कॅन्सर घडवणारं रसायन दिलं आणि त्याच सुमारास सल्फोराफेनही दिलं. त्या उंदरांत गाठी कमी आणि उशिरा आल्या. १९९७ मध्ये दिसलं की तीन दिवसांच्या कोवळ्या मोडांत हा गुण मोठ्या गड्ड्यापेक्षा १० ते १०० पट जास्त असतो.

माणसांवरही काम झालंय. चीनमधल्या छीतुंग भागात २९१ लोकांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ब्रोकोलीच्या मोडांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून धुरातलं बेंझीन ६१ टक्के जास्त बाहेर पडलं.

*मग फॉरवर्ड चूक कुठे?*

नीट बघा. उंदरांना द्रव्य मिळालं ते गाठ यायच्या आधी. चीनमध्ये मोजलं ते बाहेर पडणारं विष, कॅन्सर कमी झाला का ते नाही. झालेल्या कॅन्सरवर ब्रोकोली हा उपचार आहे, असं यातल्या कशानेही सिद्ध होत नाही.

आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. रक्ताच्या कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टीन हे औषध तिच्यातूनच मिळालं. पण पानांत ते अगदी किंचित असतं. शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिलं तरच औषध. पानं चावली तर नुसती विषबाधा.

दुसरी गोष्ट, केमोमध्ये प्रतिकारशक्ती घटते. अशा वेळी कच्चा रस आणि मोड यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल तरी हिरव्या भाज्या अचानक वाढवू नका, त्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम बदलतो. दोन्ही बाबतींत आधी डॉक्टरांना विचारा.

*घरात काय करायचं?*

१) भाजी चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मग शिजवा. तेवढ्या वेळात द्रव्य तयार होतं.
२) भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून देऊ नका. थोडी वाफ पुरे.
३) शिजलेल्या भाजीवर चिमूटभर मोहरीची पूड भुरभुरा. जास्त उष्णतेने भाजीतलं विकर मरतं, ते मोहरीतून परत मिळतं. फोडणीत तडतडलेली मोहरी यासाठी चालत नाही.
४) *पेरणीच्या पाकिटातलं बियाणं मोड आणून खाऊ नका.* त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. हे घरात सगळ्यांना सांगा.

*विक्रीबद्दल*

एका खरेदीदाराने आपल्याला बॉक्सवर 'कॅन्सररोधक' असं स्टिकर लावायला सांगितलंय. आपण लावणार नाही. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो किंवा टळतो असा दावा अन्नसुरक्षा नियमांत चालत नाही, आणि कॅन्सर बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ताजा माल आणि फवारणीनंतर काढणीचा प्रतीक्षा काळ पाळल्याची नोंद, हेच आपलं स्टिकर. फायद्याची भाजी म्हणून विकायची आणि तिच्यावर औषधाचा अंश ठेवायचा, हे बरं दिसत नाही.

काकांशी अर्धा तास बोललो. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे भाजी भाजीच्या जागी, औषध औषधाच्या जागी." मेहुणी सोमवारी केमोला गेल्या. काका स्वतः घेऊन गेले.

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. पुढे पाठवू नका. ज्यांच्या घरी उपचार सुरू आहेत त्यांना हा मेसेज पाठवा. शंका असेल तर केंद्रावर या, सकाळी ९ ते ११ मी तिथेच असतो.

आपला,
कृषी सल्लागार