काढलेला मुतखडा फेकू नका

मुतखड्याचे ऑपरेशन झाले की नातेवाइकांच्या हातात एक छोटी डबी येते. भेटायला येणाऱ्यांना ती दोन-चार दिवस दाखवली जाते आणि मग कपाटात किंवा कचऱ्यात जाते. खडा कशाचा होता, हे फारच थोड्या घरांत विचारले जाते. वास्तविक तो कोणत्या पद्धतीने फुटेल, पूर्ण निघेल का आणि पुन्हा होईल का, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी त्याच्या स्फटिकावर अवलंबून असतात. ते कसे, हे क्रमाने पाहू.

आपल्या लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, युरिक आम्ल असे पदार्थ विरघळलेले असतात. पाणी कमी पडले किंवा यांपैकी एखादा पदार्थ जास्त झाला की तो बाहेर पडून स्फटिक होतो. स्फटिक म्हणजे ज्यात कण ठरावीक अंतरावर, ठरावीक क्रमाने रचलेले आहेत असा घन पदार्थ. दाट पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखर धरते, तसेच इथे होते. दोऱ्याचे काम बऱ्याचदा मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर साचलेला कॅल्शियम फॉस्फेटचा थर करतो. अमेरिकन शल्यचिकित्सक अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये या थराचे वर्णन केले.

बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. अळू नीट शिजले नाही की घशाला खाज सुटते, ती याच पदार्थाच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे.

खड्यातले कॅल्शियम ऑक्झलेट मुख्यतः दोन रूपांत भेटते. एका रूपात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू अडकलेला असतो, त्याला मोनोहायड्रेट म्हणतात. दुसऱ्यात दोन असतात, ते डायहायड्रेट. रसायन तेच, पण रचना वेगळी आणि स्वभावही वेगळा. मोनोहायड्रेटचा खडा घट्ट, जड, तपकिरी असतो. डायहायड्रेटचा फिकट पिवळसर, टोकदार कडांचा आणि तुलनेने ठिसूळ. यांची खनिजशास्त्रातली नावे व्हेवेलाइट आणि वेडेलाइट. दुसरे नाव अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रावरून पडले, कारण हे स्फटिक तिथल्या तळाच्या गाळातही सापडले.

आता ऑपरेशनच्या आधीचा टप्पा. सोनोग्राफीत खडा दिसला की डॉक्टर बहुधा साधा, म्हणजे रंगद्रव्य न टोचता केलेला सीटी स्कॅन सांगतात. त्या रिपोर्टात खड्याच्या मापाशेजारी ‘एचयू’ असा एक आकडा असतो. ही हौन्सफील्ड युनिट, घनता मोजण्याची पट्टी. तिच्यावर पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते. खड्याचा आकडा ५०० च्या आत असेल तर युरिक आम्लाची शक्यता वाढते. तो १००० च्या वर असेल तर खडा बाहेरून धक्के देऊन फुटण्याची शक्यता कमी होते. रिपोर्टात हा आकडा नसेल तर आपण तो मागून घ्यावा.

इथे एक चूक नेहमी होते. खडा अगदी लहान असला तर आजूबाजूच्या मऊ भागाची सरासरी मिसळून आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. म्हणून दोन-तीन मिलिमीटरच्या खड्याचा आकडा पाहून घरी निष्कर्ष काढू नये.

युरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेले रुग्ण पुढे दुखण्याने तळमळत येतात, त्यातले काही याच गटातले. पण हाच खडा औषधाने विरघळू शकतो. पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीची आम्लता कमी केली, तिचा सामू साडेसहा-सातच्या आसपास ठेवला, की तो हळूहळू झिजतो. अडथळा किंवा ताप नसेल तर अशा खड्याला ऑपरेशनशिवायही संधी देता येते. कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा मात्र विरघळवणारे खात्रीचे औषध नाही. कुळथाचे कढण जरूर प्यावे, पोटात तेवढे पाणी जाते. त्याच्या भरवशावर बारा मिलिमीटरचा खडा वर्षभर सांभाळत बसणे मात्र मूत्रपिंडाशी जुगार आहे.

ऑपरेशनचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला मार्ग आघातलहरींचा, म्हणजे शरीराबाहेरून धक्के देऊन खडा फोडण्याचा. डॉर्नियर या जर्मन विमान कंपनीने बनवलेल्या यंत्राने १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. कापाकापी नाही म्हणून तो सर्वांना हवासा वाटतो, आणि नेमकी इथेच स्फटिकाची रचना आडवी येते. डायहायड्रेट सहसा चांगला फुटतो. मोनोहायड्रेट चिवटपणे टिकतो. ब्रुशाइट नावाचा कॅल्शियम फॉस्फेटचा प्रकार आणि सिस्टीन या अमिनो आम्लाचा खडा हे त्याहून हट्टी. अशा खड्यावर तीन-तीन वेळा धक्के घेऊनही पदरी मोठे तुकडेच पडतात.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण वर नेऊन लेझरने खडा फोडतात. लेझर कोणत्याही स्फटिकाला फोडतो, फक्त कठीण खड्याला वेळ जास्त लागतो. तिसरा मार्ग पाठीतून छोटे छिद्र पाडून खडा काढण्याचा. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी सहसा हाच सुचवतात. छिद्र म्हटले की भीती वाटते, पण मोठा खडा एका बैठकीत निघण्याची शक्यता यात सर्वांत जास्त.

स्ट्रुव्हाइट हा प्रकार वेगळा काढून सांगायला हवा. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा हा स्फटिक जंतुसंसर्गातून बनतो. काही जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि खडा भराभर वाढून सांबराच्या शिंगासारखा मूत्रपिंडभर पसरतो. त्याच्या आत जंतू अडकलेले असतात. म्हणून एक लहान तुकडा मागे राहिला तरी संसर्ग आणि खडा दोन्ही परत येतात. इथे ‘बराचसा निघाला’ हे उत्तर पुरेसे नाही.

ऑपरेशननंतर बऱ्याच रुग्णांच्या आत डी.जे. स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवतात. दुखणे थांबले की लोक ती विसरतात. नळी परकी वस्तू असल्याने तिच्यावरही स्फटिक धरतात आणि काही महिन्यांनी ती काढणे मूळ ऑपरेशनहून अवघड होऊन बसते. ती कधी काढायची, ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी आणि मोबाइलमध्येही टाकावी.

‘खडा पूर्ण निघाला’ हे वाक्यही तपासून घ्यावे. ते कोणत्या तपासणीवरून म्हटले, हा प्रश्न विचारायचा. सोनोग्राफी किंवा एक्स-रेमध्ये न दिसलेला तुकडा सीटीत दिसू शकतो. चार मिलिमीटरच्या आतले तुकडे निरुपद्रवी समजण्याची जुनी पद्धत आहे, पण त्यातले काही वाढतात आणि काही पुन्हा अडकतात. यशाचे आकडे ऐकताना हा फरक लक्षात ठेवावा.

आता त्या डबीकडे वळू. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये खड्याची धूळ करून टाकली तर तपासायला काहीच उरत नाही. म्हणून एक तुकडा बाजूला ठेवायची विनंती ऑपरेशनच्या आधीच करावी. तुकडा पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा आणि कोरड्या डबीत ठेवावा. फॉर्मालिनमध्ये बुडवू नये, चिकटपट्टीने कागदावर डकवू नये. दोन्हींमुळे तपासणी बिघडू शकते.

प्रयोगशाळेला कोणती पद्धत वापरणार, हे विचारावे. जुनी रासायनिक चाचणी कॅल्शियम आहे, ऑक्झलेट आहे, एवढेच सांगते. मोनोहायड्रेट की डायहायड्रेट, हे तिला कळत नाही. ते इन्फ्रारेड तपासणी किंवा क्ष-किरण विवर्तन सांगते. विवर्तन म्हणजे स्फटिकातल्या थरांवर आदळून क्ष-किरण ठरावीक कोनांत वळणे. प्रत्येक स्फटिकाचे हे कोन वेगळे असतात. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये याच तंत्राने बेन्झीनचे कडे सपाट असल्याचे दाखवले आणि उतारवयात त्याच तंत्राने माणसांच्या शरीरातले खडे अभ्यासले.

रिपोर्ट हाती आला की पथ्य ठरवता येते. मोनोहायड्रेट जास्त असेल तर डॉक्टर ऑक्झलेट कुठून वाढते ते शोधतात, डायहायड्रेट जास्त असेल तर लघवीतून जाणारे कॅल्शियम मोजतात. सिस्टीन निघाले तर आजार आनुवंशिक असतो, भावंडांचीही तपासणी करावी लागते.

‘खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध बंद’ हा सल्ला अजून घरोघरी चालतो आणि तो चुकीचा आहे. इटलीत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी घेणाऱ्यांना खडे कमी झाले. कॅल्शियम कमी करणाऱ्यांना जास्त झाले. कारण जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. पालक किंवा अळू खायचे तर सोबत दही असू द्यावे. पापड-लोणच्याला मात्र हात आखडता घ्यावा. आणि दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त.

प्रतिबंध न केल्यास पाच ते दहा वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांना खडा पुन्हा होतो. तेव्हा डॉक्टर बदललेले असतील, गावही बदललेले असेल. खड्याच्या रिपोर्टची एक प्रत डिस्चार्ज कार्डाला आजच जोडून ठेवा.