घरचं वायफाय मळ्यातल्या विहिरीपर्यंत न्यायचंय? वायरलेस ब्रिज कसा बसवायचा, कुठे फसतो

गावात घरोघरी फायबर आलं, पण शेतकऱ्याचा निम्मा जीव असतो मळ्यात. विहिरीवरची मोटार, केबल, स्टार्टर, ठिबकचं साहित्य, गोठ्यातली जनावरं सगळं तिकडे, आणि इंटरनेट मात्र गावठाणातल्या घरात. मोटार किंवा तांब्याची केबल चोरीला गेली की नुकसान नुसतं वस्तूचं होत नाही. ऐन पाण्याच्या पाळीला आठवडा मोडतो आणि उभं पीक वाळतं. म्हणून मळ्यात कॅमेरा बसवायचा विचार बरेच जण करतात आणि इंटरनेटपाशी येऊन अडतात.

पहिला मार्ग डोळ्यासमोर येतो तो सिमकार्डच्या कॅमेऱ्याचा. जिथे मोबाईलची रेंज चांगली आहे आणि कॅमेरा एकच आहे, तिथे तो ठीक आहे. पण हिशोब करून बघा. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट डेटा पाठवतो. म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तर २१ जीबीच्या वर. रोज दीड जीबीचं रिचार्ज असेल तर ते पावणेदोन तासांच्या आत संपतं. त्यामुळे असे कॅमेरे रेकॉर्डिंग आतल्या मेमरी कार्डवर ठेवतात आणि चोर कॅमेराच उचलून घेऊन गेला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

दुसरा मार्ग केबल ओढायचा. नेटची साधी लॅन केबल १०० मीटरपर्यंतच चालते, पुढे सिग्नल मरतो. फायबर लांब जाते, पण बांधाकडेने पुरलेली फायबर नांगराला किंवा जेसीबीला एकदा तरी सापडतेच. मधे दुसऱ्याचं रान असेल तर विचारायलाच नको.

तिसरा मार्ग म्हणजे वायरलेस ब्रिज. ब्रिज म्हणजे पूल. घराच्या स्लॅबवर एक छोटी पेटी, मळ्यात दुसरी, दोघींची तोंडं समोरासमोर. घरची पेटी राउटरला केबलने जोडायची, मळ्यातल्या पेटीला कॅमेरे जोडायचे. या दोघी आपसात वायफायच्याच लहरींवर बोलतात, पण बल्बसारखा चहूकडे उजेड न पाडता बॅटरीच्या झोतासारखा एकाच दिशेला टाकतात. म्हणून घरच्या राउटरची रेंज अंगणात संपते आणि हा झोत एक-दोन किलोमीटर सहज जातो. घरच्या राउटरच्या दृष्टीने मधे जणू एक लांब केबलच ओढलेली असते. दुकानात मिळणारा ‘रिपीटर’ वेगळा. तो आलेला सिग्नल पुन्हा चहूकडे फेकतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो, आणि तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायलाच बरा.

यासाठी सरकारी परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे २०१८ पासून ठराविक ताकदीच्या मर्यादेत परवान्याविना खुले आहेत. तंत्रही नवं नाही. तामिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अशाच वायफाय जोडण्यांवरून खेड्यांतल्या केंद्रांतले डोळ्यांचे रुग्ण डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवले. त्याला आता वीस वर्षं होत आली. आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या गावांत आयआयटी मुंबईने बिनतारी इंटरनेटचे प्रयोग केले. व्हेनेझुएलात तर २००७ साली एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर ३८२ किलोमीटर वायफाय पोचवून दाखवलं. आपल्याला विहीर गाठायची आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

उसाने तोडलेलं नेट

गडबड होते ती अंतरामुळे कमी आणि आडोशामुळे जास्त. दोन्ही पेट्या एकमेकींना दिसल्या पाहिजेत, ही पहिली अट. रात्री मळ्यात एकाला बॅटरी घेऊन पेटी बसवायच्या उंचीवर उभं करा आणि घराच्या स्लॅबवरून बघा. उजेड थेट दिसला तर निम्मं काम झालं.

निम्मंच, कारण लहरी दोरीसारख्या बारीक जात नाहीत. त्यांचा झोत पखवाजासारखा असतो, टोकांना निमुळता आणि मधे फुगलेला. एक किलोमीटर अंतर असेल आणि ५.८ गिगाहर्ट्झवर जोडणी असेल, तर मधोमध हा फुगवटा दिसणाऱ्या रेषेच्या वर-खाली सुमारे साडेतीन मीटर असतो. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे रेषेच्या खाली साधारण सात फूट. २.४ गिगाहर्ट्झ वापरलं तर हीच जागा अकरा फूट लागते.

आता ऊस लक्षात घ्या. एप्रिल-मे महिन्यात, तोड होऊन रान मोकळं असताना ब्रिज बसवला की सगळं झकास चालतं. दिवाळीपर्यंत ऊस दहा-बारा फूट होतो, वर तुरा येतो आणि नेट अडखळायला लागतं. मग पेटी खराब म्हणून दुकानदाराशी भांडण. पेटी बरोबरच असते, तिच्या वाटेत ऊस उभा राहिलेला असतो. बारा फुटांचा ऊस आणि वर सात फूट मोकळी जागा धरली तर दोन्ही टोकांना पेटी वीस फुटांच्या आसपास पाहिजे. गावाकडे एकमजली स्लॅबवर दहा फुटी पाईप उभा केला की हे जमतं. मळ्यातल्या टोकाला मात्र पोल रोवावा लागतो. केळी, आंबा, बाभूळ यांचंही तेच. ओला पाला लहरी पिऊन टाकतो. नुसत्या पावसाने एवढ्या अंतरावर फारसा फरक पडत नाही, पण पावसाने भिजलेलं झाड मधे असेल तर जोडणी हमखास पडते. झाड तोडायच्या भानगडीत पडू नका, पेटीची जागा दोन-चार हात सरकवून बघा. आणि पत्र्याच्या शेडच्या आत पेटी ठेवून बाहेरचा सिग्नल मिळत नाही. पेटी पत्र्याच्या बाहेर आणि वरच हवी.

कोकणात किंवा घाटाखाली मधे टेकडीच असेल, तर दोन पेट्यांनी काम होत नाही. दोन्हीकडून दिसणाऱ्या तिसऱ्या ठिकाणी, जागेच्या मालकाला विचारून, मधला टप्पा घ्यावा लागतो. त्याला आणखी दोन पेट्या आणि तिथली वीज लागते. खर्च दुप्पट होतो, तेव्हा आधी विचार करा.

पोल उभा करताना

हा भाग नीट वाचा, कारण इथे पैसे नाहीत, जीव जातो. लोखंडी पाईप उभा करताना वरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडे बघा. पाईप हातातून सुटून कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही, एवढं लांब उभं राहून काम करा. महावितरणच्या खांबाला पेटी किंवा केबल बांधणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे, आणि बेकायदेशीरही. वारं सुटलं असेल, रान ओलं असेल तर ते काम त्या दिवशी करूच नका.

मोकळ्या रानात वीस फुटी लोखंडी पोल म्हणजे विजेला आमंत्रण. पोलला स्वतंत्र अर्थिंग करा, केबलवर सर्ज प्रोटेक्टर लावा. तरी थेट वीज पडली तर काहीच वाचत नाही, हेही खरं. वळवाचे ढग भरून आले की घरच्या बाजूची केबल राउटरमधून काढून ठेवायची सवय लावा, निदान घरातला टीव्ही आणि राउटर वाचतो. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र पोलला किंवा केबलला हात लावू नका.

आधी टेबलावर, मग पोलवर

दोन्ही पेट्या घरातच जोडून, सेटिंग करून, चालताहेत हे बघूनच वर चढवा. शिडीवर उभं राहून पासवर्ड टाकत बसण्यात अर्थ नाही.

एका पेटीला ‘अॅक्सेस पॉइंट’ करायचं, ही घरची. दुसरीला ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’, ही मळ्यातली. प्रत्येक पेटीला वेगळा पत्ता हवा. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर घरच्या पेटीला १९२.१६८.१.२५१ आणि मळ्यातल्या पेटीला १९२.१६८.१.२५२ द्या. हे दोन आकडे राउटर दुसऱ्या कुणाला वाटणार नाही, एवढं त्याच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. पत्ते वाटायचं काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, फक्त घरच्या राउटरकडे ठेवा. मळ्यात दुसरा राउटर वायफायसाठी लावला तर त्यातलं डीएचसीपी बंद करा, त्यालाही असाच वेगळा पत्ता द्या आणि केबल त्याच्या वॅन नव्हे, लॅन भोकात घाला. एका घरात दोन कारभारी झाले की जे होतं तेच इथे होतं: फोनला वायफाय दिसतं, पण नेट चालत नाही. सगळ्यात जास्त तक्रारी याच एका चुकीच्या असतात.

चॅनेल १४९ ते १६५ मधला निवडा. ५ गिगाहर्ट्झचे मधले काही चॅनेल रडारसाठीही वापरले जातात, त्यामुळे पेटीला तिथे रडारची चाहूल लागली की ती आपण होऊन गप्प बसते. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. वेग थोडा कमी मिळेल, पण जोडणी टिकेल. चार कॅमेऱ्यांना आठ-दहा मेगाबिट पुष्कळ होतात.

वर चढवल्यावर दिशा लावायला दोन माणसं लागतात, एक घरी आणि एक मळ्यात, फोन चालू ठेवून. एकाने पेटी बोटभर फिरवायची, थांबायचं, दुसऱ्याने सिग्नलचा आकडा वाचायचा. हा आकडा उणे असतो आणि शून्याकडे जाईल तितका चांगला. उणे ५० ते उणे ६५ म्हणजे उत्तम, उणे ७५ च्या पलीकडे गेला तर काहीतरी आड येतंय.

केबल घेताना दुकानात ‘शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची’ असं स्पष्ट सांगा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. पेटीला वीजही याच केबलमधून जाते, त्यामुळे अशी केबल पंचवीस-तीस मीटरनंतर दगा देऊ शकते. आणि पेटीबरोबर आलेला अडॅप्टर त्या पेटीलाच लावा. व्होल्टेज वेगवेगळं असतं, अदलाबदल केली तर कॅमेरा जळतो.

मळ्यातल्या विजेचं काय, हा प्रश्न उरतोच. शेतीच्या फिडरवर लाईट पाळीपाळीने येते, आणि चोर लाईट नसतानाच येतो. एक पेटी आणि एक कॅमेरा मिळून साधारण १२ वॅट खातात, म्हणजे दिवसरात्रीत ३०० वॅट-तासांच्या आत. १०० वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात ४०० च्या आसपास देतं. सोबत १२ व्होल्टची साठ-सत्तर अँपिअरची बॅटरी घेतली तर उन्हाळा-हिवाळा निघतो. आषाढातल्या झडीत मात्र दोन पॅनल लागतील. बऱ्याच पेट्यांना २४ व्होल्ट लागतात, तेव्हा १२ चे २४ करणारा कन्व्हर्टर मधे घालावा लागतो.

रेकॉर्डिंगचं यंत्र मळ्यात नको, घरी ठेवा. मग कॅमेरा तोडला तरी तोडेपर्यंतचं चित्र घरी असतं. घरी रेकॉर्ड होताना तुमच्या प्लॅनचा डेटाही जात नाही, कारण चित्र पुलावरून थेट घरात येतं. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाने मोबाईलवर उघडलं तरच बाहेरचं नेट लागतं, आणि तेव्हा बघायचा तो अपलोडचा वेग, डाउनलोडचा नव्हे.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते मालकांनी कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवला म्हणून. आणि कॅमेऱ्याचं तोंड आपल्या विहिरीकडे असू द्या, शेजारच्या वस्तीच्या अंगणाकडे नको. बांधावरून आधीच कमी भांडणं नाहीत.

ज्यांचं कुटुंबच मळ्यातल्या वस्तीवर राहतं, त्यांना कॅमेऱ्यापेक्षा याचा दुसरा उपयोग मोठा आहे. वस्तीवर मोबाईलची रेंज नसेल तरी वायफाय पोचलं की फोनमधलं ‘वायफाय कॉलिंग’ चालू करता येतं. मग साधा फोनही त्यावरून लागतो. रात्री कुणाला विंचू चावला, म्हाताऱ्या माणसाला कसंतरी व्हायला लागलं, तर रेंजसाठी टेकाडावर धावावं लागत नाही. मात्र घरची लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की वस्तीचा फोनही बंद. त्यामुळे घरचा राउटर आणि घरची पेटी या दोन्हींना छोटा यूपीएस लावा. फायबरचा वेगळा मोडेम असेल तर तोही त्यावरच घ्या.

कधी नेट बंद पडलं तर लगेच पोलवर चढू नका. आधी घरात नेट आहे का बघा. असेल तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये घरच्या पेटीचा पत्ता टाका, मग मळ्यातल्या पेटीचा, मग कॅमेऱ्याचा. जो पत्ता उघडणार नाही, बिघाड त्याच्या अलीकडे-पलीकडे आहे. मळ्यातली पेटी उघडते पण कॅमेरा नाही, तर खारीने केबल कुरतडली का किंवा अडॅप्टरच्या डब्यात मुंग्या शिरल्या का ते बघा. पेटीच उघडत नसेल तर आधी बॅटरी तपासा, आणि मग उसाची उंची.