पायांनी श्वास घेणारी पेटी

नाट्यगीतांच्या मागे काय वाजतं, असं विचारलं तर बहुतेक जणी पटकन ‘पेटी’ म्हणतील. पण गंधर्व नाटक मंडळींचा तो भरलेला, पद संपल्यावरही रेंगाळणारा सूर पेटीचा नव्हे, ऑर्गनचा. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. एवढी माणसं साथीला असल्यावर ‘स्वयंवर’ (१९१६) काय आणि ‘एकच प्याला’ (१९१९) काय, प्रेक्षक पहाटेपर्यंत उठणार कसे?

आमच्या नंदनवनातल्या घरात पुढच्या खोलीची अर्धी भिंत अशाच एका ऑर्गननं अडवलीय. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेला. सोफ्याला जागा नाही म्हणून पाहुणे दिवाणावर बसतात. मी पेटी शिकलेली होते, त्यामुळे लग्नानंतर आपसूकच त्याच्यासमोर बसले.

दिसायला सारखंच, पण वाजवताना दोन्हींत केवढा फरक! हातपेटीत एक हात भात्यालाच अडकलेला. इथे भाता पायांकडे, दोन्ही हात मोकळे. पायाखाली दोन पाट्या असतात, त्या आळीपाळीनं दाबायच्या. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, तर हा आत ओढून घेतो, म्हणून आवाज मऊ. समोर स्टॉप ओढायचे, त्यानुसार स्वरांचे थर वाढतात. आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याजवळ एक दांडी असते. गुडघा बाजूला दाबायचा की सूर फुलत जातो. आता हे साडीत करून बघा! निऱ्या पाटीत अडकतात, पदर स्वरांवर येतो. मी निऱ्या वर खोचून, पदर कमरेला घट्ट बांधूनच बसते. शोभेचं राहू द्या.

हे वाद्य आपलं नव्हेच मुळी. अमेरिकेत चर्चमध्ये आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत ते असायचं. तिथल्या एकट्या एस्टे कारखान्यानं पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. तिकडे पियानो, रेडिओ आले आणि हे अडगळीत गेलं. आपल्याकडे मात्र नाटकवाल्यांनी त्याला भूप, यमन शिकवला! मींड काढता येत नाही म्हणून जाणकारांनी अशा वाद्यांना नाकं मुरडली. आकाशवाणीनं तर १९४० साली हार्मोनियमवर बंदीच घातली, ती १९७१मध्ये सैल झाली. रंगभूमीनं असल्या भानगडीकडे लक्षच दिलं नाही.

आता खरा वाद आमच्या मंडळातला. तरुण मुली म्हणतात, ‘‘काकू, सिंथेसायझरवर ऑर्गनचा आवाज येते ना, मग हे धूड कशाला नेऊन राहिल्या?’’ टेम्पो लागतो, उचलायला चार माणसं लागतात, हे खरंच आहे. पण गाणारी एखाद्या जागेवर थांबली, की माझा पायही आपोआप मंदावतो. ती दम घेते तेव्हा भाताही घेतो. बटणाच्या वाद्यात ते कुठून आणणार? युरोपात मोझार्टच्या रचना त्याच्या काळच्या पियानोवर वाजवणारे आहेत. त्याचा स्वतःचा, १७८२च्या सुमाराचा पियानो साल्झबुर्गला जपून ठेवलाय. लाकडी सांगाडा, हातोड्यांवर चामडं, पट्ट्या अवघ्या ६१. आजच्या पियानोपुढे तो नाजूकच वाटतो. तरी ते लोक म्हणतात, त्या सुरांचा तोल त्याच वाद्यात कळतो. मला ते पटतं. ‘स्वयंवर’ तरी वेगळं काय?

मात्र जपणं सोपं नाही बरं का. नागपूरचा मे महिना! पारा पंचेचाळिसावर गेला की लाकूड सुकतं, फटी पडतात. कूलर समोर लावावा तर दमटपणानं पट्ट्या फुगून अडकतात. हवा आत ओढणारं यंत्र, त्यामुळे धूळही ओढतं, आणि सुराच्या पितळी जिभेवर कण बसला की तो सूर मुका. मी मऊ कुंचल्यानं साफ करते. भात्याचं कापड आणि चामडं बदलायचं काम मात्र माझ्या हातचं नाही. ते करणारे म्हातारे कारागीर आता यायला कुरकुरतात, त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली.

मध्यंतरी एक जुन्या सामानाचे व्यापारी येऊन बघून गेले. आतलं सगळं काढून शोभेचं कपाट करणार होते. किंमत बरी देत होते, घरच्यांची मुलीच्या फीची गणितंही चालू झाली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. ऑर्गनवर बसून तासभर वाजवलं, बस. नंतर ह्यांनीच त्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. फीसाठी आता मी घरी चार मुलींना पेटी शिकवते. त्यातली एक, सातवीतली, शिकवणी संपली की हळूच ऑर्गनवर जाऊन बसते. पाय पाटीपर्यंत जेमतेम पोचतात, म्हणून उभ्यानंच दाबते.

कोजागरीला मंडळात जुनी नाट्यपदं ठरलीत. मधल्या सप्तकातला एक सूर अजून बोलत नाहीये. कारागीर आले तर ठीक, नाहीतर गाणारीला पट्टी बदलायला सांगायची, एवढंच.